राहायचं कुठं आणि जेवायचं काय?



स्मरणिका समितीने मला फोन करून सांगितलं, "आठवणी सगळेच लिहिणार आहेत. तू जरा वेगळं दे." मी इतिहासाची अभ्यासक नव्हे. इतिहासात मला कधी साठच्या वर मार्क पडले नाहीत, बाई साक्षीला आहेत. पोट भरते ते सॉफ्टवेअरवर. पण गेली सहा वर्षं आपल्यापैकी आम्ही पाच-सहा जण जून महिन्यात शाळेत येऊन दहावी-बारावीच्या मुलांबरोबर बसतो. कोणती शाखा, कोणतं कॉलेज, फी किती, कर्ज काढायचं का, असे प्रश्न असतात. त्यांची उत्तरं देता देता मी जुनं वाचत गेले आणि लक्षात आलं की हे प्रश्न आपल्या गावाच्या आसपास दीडशे वर्षं विचारले जात आहेत. उत्तरंही इथेच शोधली गेली. त्याचा हा लेख.

सुरुवात मात्र आठवणीनेच करते, माफ करा.

१९९७ चा जुलै. माझी बारावी झालेली. अण्णांचे चार माग होते, तेही भाड्याच्या जागेत आणि खर्चीवर. सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, मजुरी मीटरवर. आई घरकाम उरकून कांड्या भरायची. मला गावातल्याच इंजिनिअरिंग कॉलेजात फ्री सीट मिळत होती आणि पुण्याच्या एका कॉलेजात पेमेंट सीट. मला पुणंच पाहिजे होतं. अण्णांनी चारातले दोन माग विकायचं जवळजवळ ठरवलं होतं. त्या संध्याकाळी आपले गणिताचे सर घरी आले. अण्णा म्हणाले, "सर, फीचं बघतो मी. पोरगी पुण्याला जाणार म्हणतीया." सर म्हणाले, "फी राहू दे अण्णा. राहायचं कुठं आणि जेवायचं काय, ते आधी लिहा." सूताच्या बिलाच्या पाठीमागे त्यांनी खोली, मेस, एसटी, पुस्तकं, आजारपण असं चार वर्षांचं मांडलं. तो आकडा फीच्या जवळपास गेला. अण्णा गप्प झाले. मी दोन दिवस जेवले नाही.

मी गावातच शिकले, सायकलवर जाऊन. २००१ ला डिग्री हातात आली तेव्हा अमेरिकेतला डॉटकॉमचा फुगा फुटलेला होता आणि इथल्या कंपन्या नेमणूकपत्र दिलेल्या मुलांनाही "कळवू" म्हणत होत्या. मला नोकरी लागायला आठ महिने गेले. त्या आठ महिन्यांत घर चाललं ते न विकलेल्या त्या दोन मागांसकट चारही मागांवर. सरांना हे मी कधी सांगितलं नाही. आता छापूनच सांगते.

सरांचा तो प्रश्न नंतर मला पुस्तकांत भेटत राहिला.

नदी ओलांडून गेलं की कागल. गोपाळ कृष्ण गोखल्यांचे वडील कागलला नोकरीत होते. १८७९ साली ते वारले तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता आणि थोरला भाऊ गोविंद अठराच्या आसपास. गोविंदाने शिक्षण सोडलं आणि पंधरा रुपये महिन्याची नोकरी धरली. त्यातले आठ रुपये तो कोल्हापुरात शिकणाऱ्या गोपाळला पाठवायचा. उरलेल्या सात रुपयांत बाकीचं घर. चरित्रांत एक गोष्ट सांगतात, की एका मित्राने गोपाळला नाटकाला नेलं आणि मागाहून तिकिटाचे दोन आणे मागितले. ते फेडण्यासाठी गोपाळने दिव्याचं तेल बंद केलं आणि रस्त्यावरच्या कंदिलाखाली अभ्यास केला. आपण ही गोष्ट कष्टाळूपणाचा धडा म्हणून ऐकली. मला आता ती हिशोबाची गोष्ट वाटते. आठ रुपयांत खोली आणि जेवण बसलं की मागे काही उरत नाही, दोन आण्यांचं कर्जसुद्धा अंगावर येतं. आणि खरा खर्च गोविंदाने दिला, स्वतःच्या शिक्षणाचा. त्याचं नाव कुठल्या शाळेला आहे का, मी अजून पाहिलेलं नाही.

प्रत्येक घरात गोविंद नसतो, आणि असला तरी त्याच्याजवळ आठ रुपये नसतात. हे ज्याला नीट कळलं तो माणूस कोल्हापूरच्या गादीवर होता. शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, ते सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच्या सोळा वर्षं आधी, १९०१ साली, त्यांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं होतं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघालं. पुढे मुस्लिम, लिंगायत, १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, आणि मग कितीतरी. हा क्रम बघा. खेड्यातला मुलगा हायस्कुलात का येत नाही, तर फीमुळे कमी आणि कोल्हापुरात टेकायला जागा नाही म्हणून जास्त. नातेवाईक शहरात असतील त्यांचीच मुलं शिकत होती. शाहूंनी बोर्डिंगांना जागा दिल्या, इमारती दिल्या, उत्पन्नं लावून दिली. जातवार बोर्डिंगांबद्दल आज आपल्याला प्रश्न पडतो आणि पडायलाही हवा. पण सगळ्यांसाठी एकच वसतिगृह हा प्रयोग त्यांनी आधी करून पाहिला होता, आणि त्यात पुढारलेल्यांचीच मुलं भरली, हेही नोंदवलं पाहिजे.

या बोर्डिंगांतल्या एकात आपल्या तालुक्यातला एक मुलगा होता. कुंभोज आपल्याला माहीत आहे ते बाहुबलीच्या सहलीमुळे. त्या कुंभोजला २२ सप्टेंबर १८८७ ला भाऊराव पाटील जन्मले. जैन बोर्डिंगमध्ये असताना ते मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले, परत येऊन आंघोळ करायला नकार दिला आणि बोर्डिंगमधून बाहेर पडले. शिक्षण फारसं झालं नाही. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत फिरले. १९१९ साली काले गावात रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात सगळ्या जातींच्या मुलांचं एकत्र बोर्डिंग. महात्मा गांधी १९२७ मध्ये तिथे येऊन गेले, त्याला शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. मुलं स्वयंपाक करत, शेतात राबत, दगड फोडत, राहायच्या इमारतीचं कामही करत. तरी धान्य पुरायचं नाही. लक्ष्मीबाईंनी, भाऊरावांच्या पत्नीने, एकेक दागिना मोडला. शेवटी मंगळसूत्रही त्यात गेलं. १९३० साली त्या वारल्या. मी बारावीच्या मुलांना हे सांगते तेव्हा एखादी आई मागच्या बाकावरून गळ्याला हात लावते. आजही आपल्या गावात मुलाच्या प्रवेशाच्या आठवड्यात सोनं तारण ठेवणाऱ्या बायका कमी नाहीत.

"कमवा आणि शिका" हे त्यातून निघालं. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज १९४७ साली याच पायावर उभं राहिलं. १९६२ मध्ये कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ झालं, पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. तिथेही ही योजना आली. आपल्या शाळेतले दोन शिक्षक त्या योजनेतून शिकलेले आहेत. त्यांनी वर्गात कधी सांगितलं नाही, निवृत्तीच्या समारंभात कळलं.

आता माणगाव. रुकडीजवळचं, आपल्याच तालुक्यातलं. २१ आणि २२ मार्च १९२० ला तिथे परिषद झाली, अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, शाहू महाराज स्वतः हजर. तो प्रसंग आपण सभांमधून ऐकत आलो. मला त्यामागची पैशाची गोष्ट सांगायची आहे. १९१३ साली आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर. शिष्यवृत्तीला करार होता: परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. म्हणजे पैशाऐवजी वर्षांनी फेडायचं कर्जच ते. १९१७ मध्ये करार पाळायला ते बडोद्याला गेले. नोकरी मिळाली, पण अस्पृश्याला भाड्याने खोली कोणी देईना. नाव बदलून पारशी धर्मशाळेत राहिले, ते उघडकीला आलं आणि लोक काठ्या घेऊन आले. कोलंबियात शिकलेला माणूस कामाठी बागेत दुःखात बसून राहिला, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. पगार होता, पद होतं. राहायचं कुठं, याला उत्तर नव्हतं. थोड्याच दिवसांत त्यांना मुंबईला परतावं लागलं.

माणगावच्या परिषदेनंतर चार महिन्यांनी ते लंडनला अर्धवट राहिलेलं शिक्षण पुरं करायला निघाले. सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली स्वतःची शिल्लक, शाहू महाराजांचे दीड हजार रुपये आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेलं पाच हजारांचं कर्ज. म्हणजे कर्ज त्यांनीही काढलं. पण काय शिकायचं, किती दिवसांत, कशावर राहायचं, हे ठरल्यावर काढलं आणि अशा माणसाकडून काढलं, जो त्यांना ओळखत होता. मुलं मला विचारतात, "मॅडम, कर्ज वाईटच का?" तेव्हा मी या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवते. बडोद्याचा करार आणि भथेनांचे पाच हजार.

बडोद्याच्या करारासारखी गोष्ट आपल्या गावात वेगळ्या नावाने चालते, उचल. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी इथे पहिला यंत्रमाग आणला, त्यानंतर गाव मागावरच वाढलं. मागवाला कामगार लग्नाला, आजारपणाला मालकाकडून उचल घेतो. ती फिटेपर्यंत दुसऱ्या कारखान्यात जाता येत नाही, मजुरी कमी असली तरी. दुसऱ्या मालकाने जुनी उचल भागवली तर माणूस तिकडे जातो, उचल तशीच राहते. अण्णा म्हणायचे, "उचल म्हंजे पायातला धागा. दिसत न्हाई, पण लांब जाऊ देत न्हाई."

आमच्या क्षेत्रात मी हे रोज बघते. कर्ज काढून शिकलेला पोरगा पहिली नोकरी सोडू शकत नाही. चांगलं काम शिकायला मिळणारी, पण सुरुवातीला कमी पगाराची नोकरी घेऊ शकत नाही. पुढचं शिक्षण घेऊ शकत नाही. हप्ता चालू असतो.

हा हप्ता आपल्याकडे आला कधी? आपल्या आईवडिलांच्या पिढीत इंजिनिअरिंगची कॉलेजं मोजकी होती, फी कमी होती आणि यशवंतराव चव्हाणांच्या काळापासून ई.बी.सी. सवलतही होती. अडचण जागांची होती. १९८३ मध्ये मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी दिली. त्यावर खूप टीका झाली, देणग्यांचा बाजार झाला म्हणून १९८७ मध्ये कॅपिटेशन फीविरुद्ध कायदा करावा लागला. ती टीका बरोबरच होती. पण आपल्या भागापुरतं बोलायचं तर आणखी एक गोष्ट घडली. कोल्हापूर, सांगली, जयसिंगपूर, इचलकरंजी, जिथे तिथे कॉलेज झालं आणि मुलं घरून डबा घेऊन शिकू लागली. विशेषतः मुली. मला कोणी पुण्याला पाठवलंही असतं, पण आमच्या वर्गातल्या निम्म्या मुलींना पाठवलं नसतं. फी वाढली आणि छप्पर जवळ आलं, दोन्ही एकाच वेळी.

१९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फ्री सीट आणि पेमेंट सीट अशी वाटणी केली. माझी फ्री सीट त्यातली. २००२ मध्ये ती व्यवस्था गेली. मधे २००१ मध्ये बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आली, चार लाखांपर्यंत तारण नाही. एकीकडे स्वस्त जागा गेल्या आणि दुसरीकडे कर्जाचा दरवाजा उघडला. आपल्या मागच्या बॅचपर्यंत पालक पतसंस्थेत किंवा सावकाराकडे जायचे. नंतरच्या बॅचच्या मुलांच्या स्वतःच्या नावावर कर्ज आलं, अठराव्या वर्षी.

आम्ही मुलांबरोबर फळ्यावर हे गणित करतो. दर वर्षी दीड लाख, चार वर्षं, म्हणजे सहा लाख. व्याज दहा टक्के धरा. शिकत असताना आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नाही, पण सरळव्याज चालू. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षं, दुसऱ्यावर चार, मग तीन, मग दोन. दोन लाख दहा हजार व्याज झालं. फेडायला सुरुवात करताना कर्ज आठ लाख दहा हजार. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला सुमारे १०,७०० रुपये. आमच्या क्षेत्रात नव्या मुलांचं साडेतीन लाखांच्या आसपासचं पॅकेज कित्येक वर्षं हललेलं नाही. हातात पंचवीस हजार येतात. त्यातून पुण्यातलं खोलीभाडं, जेवण आणि हा हप्ता. वर्ग शांत होतो. गेल्या वर्षी एकाने विचारलं, "मग घरी काय पाठवायचं?" उत्तर नव्हतं माझ्याकडे.

मग त्या सहा लाखांत काय काय आहे ते आम्ही सुटं करतो. सवलती आज खरंच आहेत. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क शिष्यवृत्ती आहे. २०२४-२५ पासून, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, आर्थिक दुर्बल आणि एसईबीसी मुलींना सरकारी प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला तर शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, नॉन-क्रीमी लेअर, जात पडताळणी ही कागदं दहावीच्या सुट्टीतच काढायला लावा, निम्मी लढाई तिथे होते. आमच्या एका विद्यार्थिनीला सवलत लागू असूनही कॉलेजने आधी पूर्ण फी भरा, मागाहून परत मिळेल म्हणून सांगितलं. शासन निर्णयाची प्रत घेऊन आपला एक वर्गमित्र, जो आता वकील आहे, तिच्याबरोबर गेला तेव्हा प्रकरण मिटलं. कागद आणि बरोबर येणारा माणूस, दोन्ही लागतात.

पण फी वजा केल्यावर फळ्यावर जे उरतं ते खोली आणि मेस. पंजाबराव देशमुखांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता अल्पभूधारकांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना मिळतो. खर्चीवाल्याची पोरगी यातल्या कशातच बसत नाही. तिची फी माफ आणि पुण्यात खाट नाही.

आपल्या वर्गात माझ्यापेक्षा हुशार एक मुलगी होती. तिला विचारून लिहिते आहे, नाव मात्र नको म्हणाली. तिला परगावी प्रवेश मिळाला, फीची सवलतही मिळाली. वसतिगृहात जागा नव्हती, बाहेर खोली घेतली. घरच्यांनी खोली आणि खानावळीसाठी सावकाराकडून पैसे उचलले. दुसऱ्या वर्षी ती परत आली. ते पैसे तिच्या भावाने पुढची सहा-सात वर्षं रात्रपाळी करून फेडले. त्या वेळी आपण सगळे म्हणालो, "तिला झेपलं नाही." मीही म्हणाले होते. तिला इंजिनिअरिंगची गणितं सगळी झेपत होती. मागच्या दिवाळीत भेटलो तेव्हा ती म्हणाली, "अगं, मला फक्त दोन वेळचं जेवण आणि एक खाट पाहिजे होती. तेवढं असतं तर मी टॉपला असते." आणि हसली. मी हसू शकले नाही.

म्हणून आपल्या ग्रुपवर जो ठराव चाललाय त्याबद्दल मला इथे बोलायचं आहे. बॅचचा निधी जमवून दर वर्षी पहिल्या तीन क्रमांकांना रोख बक्षीस द्यायचं, असं ठरतंय. बक्षिसाला माझा विरोध नाही, पण पहिल्या तिघांना आज कोणीतरी देतंच. क्लासवाले देतात, नगरसेवक देतात. आपल्यातले अकरा जण पुण्यात राहतो. बॅचने पुण्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या तर चार मुलींचं पहिलं वर्ष निघतं. पहिलंच वर्ष म्हणते आहे, कारण वसतिगृहात जागा, अभ्यास, एखादं अर्धवेळ काम, हे सगळं जमायला तेवढा वेळ लागतो. डब्याची पाळी आपण अकरा घरं लावू शकतो. लक्ष्मीबाईंसारखे दागिने मोडायला कोणी सांगत नाही, रविवारची एक भाजी जास्त करायची आहे. दोन जणांनी फोनवर शंका काढली, मुलींची जबाबदारी कोण घेणार? शंका रास्त आहे. करार, पोलीस पडताळणी, घरमालक, पालकांची लेखी संमती, हे सगळं मी कागदावर मांडून ठेवलंय. मेळाव्याला येताना आणते.

आणि सर, तुमच्याकडे एक मागणं आहे. यंदा जूनच्या बैठकीला तुम्ही अर्धा तास तरी या. पायऱ्या नाहीत, तळमजल्यावरचा आठवी ब चा वर्ग घेतलाय. सूताच्या बिलाचा तो कागद अण्णांच्या जुन्या वहीत सापडला. मागच्या बाजूला तुमच्या अक्षरात खोली, मेस, एसटी, पुस्तकं आणि आजारपण. पुस्तकांच्या रकमेत बेरजेला हातचा एक राहिलाय, तेवढं तपासून द्या.